संपतच्या मरणाचा सांगावा

अंगणात संपतची तिरडी बांधायला घेतली होती. मी सोप्यावर चढायला लागलो, तर त्याच्या चुलत्यानं, तात्यांनी, मला पायरीवरच अडवलं.

"वर कुठं? तुझा बा कुठाय? फलटणकडं सांगावा न्यायचा हाय."

बा तापानं पडला होता. तसं सांगितलं. तात्या म्हणाले, मग तू जा.

आमच्या गावात कुणी मेलं की पाहुण्यांना खबर द्यायला आमच्याच वस्तीतला माणूस जायचा. मरण त्यांचं, पायपीट आमची. वस्तीनं धम्म घेतला, घराघरांत बुद्धाची तसबीर लागली, तरी सांगावा काही सुटला नव्हता.

पण संपत माझा दोस्त होता. अकरावीत आम्ही एका बाकावर बसायचो. गणित मी सांगायचो, बाकी सगळं तो. विहिरीत आम्हाला उतरायची बंदी, म्हणून मला पोहता येत नव्हतं. त्यानं मला कृष्णेवर नेलं, पोटाखाली हात धरून पोहायला शिकवलं. घरात मात्र त्यानं मला कधी नेलं नाही. "आजी लय कडक हाय रं," म्हणायचा आणि मान खाली घालायचा. मला त्याचा राग यायचा, तरी दोस्ती तुटली नाही. त्याच्या पायात उसाचा बुडखा घुसला, धनुर्वात झाला, साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात गेला. सकाळी जीपमधून आणला, तो असा.

मी तात्यांना म्हणालो, एकदा तोंड बघू द्या, मग जातो.

"येऊन बघ. मामा आल्याबिगर उचलत न्हाई."

मी विश्वास ठेवला. एसटी पकडली, मधे एक बदलली. मेला हे अजून मलाच पटत नव्हतं आणि ते दुसऱ्याला पटवायला मी निघालो होतो.

मामाच्या अंगणात लांब उभा राहून सांगितलं. घरात रडारड उठली. मामानं बुलेट बाहेर काढली, किक मारली. मी पुढं झालो.

"मामा, मलाबी घ्या. मी त्याच्या वर्गातला हाय. मला त्याला बघायचंय."

मामांनी गाडी गिअरमध्ये टाकली. मग म्हणाले, "तू ये एसटीनं."

बुलेट गेली. मागची शीट रिकामी.

तेवढ्यात एका बाईनं वरून माझ्या हातांवर भाकरी आणि चटणी टाकली. सांगावा आणणाऱ्याला रिकामं पाठवायचं नाही, अशी रीत. माझ्या दोस्ताच्या मरणाची मजुरी मलाच. ती भाकरी मी गोठ्यातल्या बैलापुढं टाकली आणि फाट्याकडं पळत सुटलो. एसटी लवकर आली नाही. रस्त्याकडं बघत उभा होतो आणि संताप आवरत नव्हता. तात्यांवर, मामावर, त्या रिकाम्या शीटवर, आणि तापानं पडलेल्या माझ्या बापावरसुद्धा.

नदीवर पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. सरण जळून बसलं होतं. आमच्या वर्गातली पोरं आंघोळी करून परत निघाली होती. सगळ्यांनी खांदा दिला होता. ज्याच्याशी संपतचं जन्माचं वाकडं होतं, त्यानंही दिला होता. एकानं मला विचारलं, "कुठं व्हतास रं तू?"

मी वाळूत बसलो आणि रडलो. कुणी जवळ आलं नाही.

दहाव्याच्या आधी तात्यांचं पुन्हा बोलावणं आलं. पाहुण्यांना दहाव्याचा निरोप द्यायचा होता. बा अंगात ताकद नसताना उठला, टॉवेल खांद्यावर टाकला. मी त्याला म्हणालो, थांब, मी येतो. त्याला वाटलं, सांगावा घेऊन मीच जाणार; तो माझ्या मागं आला.

अंगणात गावातली माणसं बसलेली होती. मी उभ्या उभ्या सांगितलं.

"तात्या, मी सांगावा नेणार न्हाई. माझा बा बी नेणार न्हाई. संपतचा दोस्त म्हणून दहाव्याला बोलवा, सगळ्यांच्या पंक्तीत बसवा. मग येतो."

तात्या उठून उभे राहिले. "मेलेल्या पोराच्या नावावर माज करतोस व्हय?"

मी म्हणालो, "व्हय."

बानं माझा दंड धरला. आम्ही घरी आलो. दहाव्याला अर्थातच कुणी बोलावलं नाही. त्या साली बाला एकाही खळ्यावर काम मिळालं नाही. आई मला टाकून बोलायची, शिकून आमच्या पोटावर पाय दिलास म्हणायची. बा तर माझ्याशी बोलतच नव्हता.

मग गावात आणखी एक म्हातारा मेला. माणूस आमच्या दारात आला, बाला हाका मारायला लागला. मी बाहेर येणार, तेवढ्यात बा आतूनच बोलला.

"पोरगा न्हाई म्हणलाय. मग न्हाई."

त्यानंतर आमच्या वस्तीतून सांगावा गेला नाही. कुणी भीतीनं निघालाच, तर मी वाटेत आडवा उभा राहिलो. भांडलो, मार खाल्ला, पण जाऊ दिला नाही.

आता लोक म्हणतात, जुनं झालं, सोडून दे. तात्याही म्हातारे झालेत, दिसले की हसून बोलतात. मी हसत नाही. संपतचं तोंड त्यांनी मला शेवटचं बघू दिलं नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही. करणार नाही.