एका पायावरची खात्री

जवाच्या भरडलेल्या माल्टवर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्यांवर, बेताचं गरम पाणी घालून ते तासभर नुसतं झाकून ठेवायचं असतं. मी ते खिचडीसारखं खदखदा उकळलं, गाळलं आणि त्यात यीस्ट घातलं. जपानमधल्या निशी-कसाईच्या फ्लॅटमध्ये घरची बिअर करण्याचा माझा हा पहिलाच प्रयोग.

आठवड्याने वासाचा माग काढत शेजारचे आजोबा दारात आले. हे गृहस्थ कचऱ्याची पिशवीसुद्धा झोपलेलं बाळ ठेवावं तशी ठेवतात, आणि काही अवघड बोलायचं असलं की आधी दातांतून हवा ओढतात. त्यांनी ती ओढली.

"एक टक्क्याच्या वर अल्कोहोल असेल, तर घरी करणं इथे गुन्हा आहे."

माझ्या डोळ्यांपुढे व्हिसा तरळला. "पण मी चांगलं उकळलं होतं हो!"

"उकळलं?" आजोबा प्रथमच हसले. "मग स्टार्चची साखर झालीच नसेल. यीस्ट खाणार काय?"

तरी खात्रीसाठी ते पेलाभर प्यायले आणि चढते का ते पाहायला कॉरिडॉरमध्ये एका पायावर उभे राहिले. बराच वेळ. तसूभरही हलले नाहीत. मग कमरेत वाकून म्हणाले, "जवाचं पाणी आहे. निश्चिंत राहा."

दार लावल्यावर बायको म्हणाली, "स्वयंपाक येत नाही म्हणून वाचलात. पुढच्या वेळीही असंच उकळा."