भांडणावर जगलेला आंबा

दिंडोरीच्या आमच्या रानात बांधावर एक आंबा होता. बांधाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे काका. रानात कांदा आणि गहू होता तोवर वडील आणि काका "आंबा माझा" म्हणून एकमेकांवर धावून जायचे. नव्वदनंतर दोघांनी द्राक्षबाग लावली आणि आंबा एकाएकी दुसऱ्याचा झाला. त्याची सावली सकाळी काकांच्या वेलींवर पडायची, दुपारनंतर आमच्या. सावलीतल्या वेलींवर भुरीचा रोग यायचा, घड धरायचे नाहीत. वडील म्हणायचे, "आंबा त्याचा हाय, सावली त्यानं आवरावी." काकाही तेच म्हणायचे, फक्त जास्त जोरात.

आई आणि काकूचा जीव मात्र त्या आंब्यात. दोन्ही घरांचं लोणचं त्याच्याच कैऱ्यांचं, वर्ष उलटलं तरी फोड करकरीत. द्राक्षं तर सगळी बाजारात जायची. घरात यायचे गळालेले मणी.

मग आंबा तुटू नये म्हणून दोघी जावांनी शक्कल काढली. वडील जेवायला बसले की आई हळूच म्हणायची, "भाऊजी आंबा तोडायचा म्हणत्यात." वडिलांचा घास हातातच राहायचा. "त्याला तोडायचा हाय? मग नाय तोडायचा!" पलीकडच्या घरात काकू काकांना हाच डोस द्यायची. कित्येक वर्षं आंबा असा भांडणावर जगला.

घात केला ताईच्या लग्नाने. मांडवात दोघे भाऊ गळ्यात गळा घालून रडले. सगळी भावकी डोळे पुसत होती. काकू आईच्या कानाशी लागली, "आक्का, आता काय करायचं ओ?"

पाहुणे पांगले तसे दोघे भाऊ हसतखिदळत बांधावर गेले, बरोबर लाकूडतोड्या. इतक्या वर्षांत मिळून केलेलं त्यांचं ते पहिलं काम. लाकूडही "तू घे, तू घे" करत वाटलं. मला त्या दोघांचा भयंकर राग आला, अजूनही येतो.

त्या उन्हाळ्यात आईने बाजारच्या कैऱ्यांचं लोणचं घातलं. पुढे द्राक्षांचा हंगाम चालू असताना काका आमच्याकडे जेवायला आले. लोणचं चाखून वडिलांनी तोंड वाकडं केलं.

"दादा, आपल्या आंब्याची सर नाय याला," काका म्हणाले. मग दोघे आपल्या आंब्याचं कौतुक करत बसले.

आईने दोघांच्या ताटातल्या लोणच्याच्या फोडी उचलल्या आणि तिथे एकेक द्राक्षाचा घड ठेवला.

"आता ह्याच्यासंगं खा भाकरी."