काकांचा हात

फोमशीट चिकटवायच्या सोल्युशनचा वास आला की मला अमरावतीचं कॉलेजचं गॅदरिंग आठवतं. वेशभूषा स्पर्धेत फोमशीटचं चिलखत घालून मी एका जपानी अ‍ॅनिमेमधला सैनिक झालो होतो, अंतराळातल्या लढाईतून वाचलेला, पण आतून मोडलेला. पाणी पिताना त्याचा हात थरथरतो. ती थरथर मी हुबेहूब उचलली होती, फौजेतून परतलेल्या माझ्या काकांचा हात चहाचा कप धरताना थरथरायचा, तशी. परीक्षकांनी विचारलं, हे कुठून शिकलास? मी माईकवर ऐटीत सांगितलं, "आरशासमोर." पहिला नंबर आला. परतवाड्याहून खास माझ्यासाठी आलेले काका पहिल्याच रांगेत होते. टाळ्या वाजत होत्या आणि त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. बसस्टँडवर ते हळूच म्हणाले, "बापू, माहा हात असाच दिसते काय रे?" मी म्हणालो, "नाई काका." अजूनही मी समोर बसलो असलो की काका कपाला हात लावत नाहीत.