समुद्रपूरकडच्या गावात गुरुजींची कॅसेट ऐकली

ज्यांनी मला पहिल्यांदा मंचावर उभं केलं, त्या गुरुजींच्याच शोकसभेला एकट्यानं जायचं जिवावर आलं होतं. गुरुजी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मी गावोगाव विज्ञानावर भाषणं ठोकायचो. २००६ च्या उन्हाळ्यात शेवटी निघालो.

वर्ध्याहून हिंगणघाट, तिथून बस बदलून समुद्रपूर, पुढं ऑटो. पाणी घरूनच न्या. हिंगणघाटच्या स्टँडवरचा आलुबोंडा मात्र सोडू नका. सवयीनं मी दोन घेतले. दुसरा नेहमी गुरुजींचा असायचा.

गावात भारनियमन होतं. ज्यांच्या शेतावरून तारा जातात त्यांनीच घामात बसायचं, हा अन्याय आहे आणि मी त्याला अन्यायच म्हणणार.

शोकसभेत आधी बुद्धवंदना झाली. गुरुजींच्या पत्नी शांताबाईंची एकच इच्छा होती, गुरुजींनी घरी भरलेली धड्याची कॅसेट सगळ्यांनी ऐकावी. त्यांचा आवाज तेवढाच उरला होता. टेपला आठ मोठे सेल लागतात, दुकानात तीनच निघाले. लोक चपला शोधू लागले.

गुरुजींच्या भाच्यानं, प्रकाशनं, ट्रॅक्टरची बॅटरी आणली आणि तिच्या तारा एलिमिनेटरच्या, म्हणजे टेप घरच्या विजेवर चालवायच्या डबीच्या, पिनांना जोडल्या. टेप मुकाच.

"साहेब, तुमी त विजेवर भाषन देता. काऊन नाई चालून राह्यला?" प्रकाशनं मला विचारलं.

मी तारा उलटसुलट जोडून पाहिल्या.

शांताबाई पुढं आल्या. "त्या डब्बीत ट्रान्सफॉर्मर हाय, बाबू. दोन कॉइली, एकमेकीले शिवत नाई. पह्यलीतलं करंट बदलत राह्यलं, तवाच दुसरीत उमटते. घरातलं करंट ये-जा करते, बॅटरीचं एकाच दिशेनं जाते. डब्बी काढ, थेट टेपले जोड. आठ सेलाचे बारा व्होल्ट, बॅटरीचेबी बाराच."

"मामी, तू हे कवा शिकली?"

"तुह्या मामाचे धडे कोन आयकत होतं? चूल अन् मी."

प्रकाशनं तारा थेट जोडल्या. गुरुजी बोलू लागले. लोखंडाचा गाभा, तारेचे वेढे, वेढे जास्त तर दाब जास्त. चपला घातलेले लोक परत बसले. मधेच गुरुजी थांबले आणि म्हणाले, "शांता, दार लोट वं. टरक जाऊन राह्यला."

शांताबाई उठल्या, दार लोटून आल्या आणि पुन्हा जागेवर बसल्या. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याला परतलो. माझ्या भाषणांच्याही कॅसेटी कपाटात आहेत. दोन-तीन लावून पाहिल्या. टाळ्या भरपूर आहेत. कुणाला नावानं मारलेली हाक एकीतही नाही.