ताईची चुकलेली रेषा

माझ्या ताईची उभी हयात शाळेत गणित शिकवण्यात गेली. तिच्या लाल पेनाला आजही मोठमोठी माणसं टरकून असतात. उत्तर एक तर बरोबर, नाही तर चूक. मधलं काही तिला मंजूरच नाही. माझं केस कापायचं दुकान आहे. तिथं आली तरी खुर्चीतल्या माणसाकडे बघून म्हणते, "डावा कल्ला खाली आहे रे." तो बहुधा तिचाच जुना विद्यार्थी असतो, त्यामुळे बिचारा लगेच आरशात कल्ला तपासतो.

माझी मुलगी चिऊ तिच्याच वर्गात आली, तेव्हा मी निर्धास्त झालो होतो. आत्याच शिकवणार म्हटल्यावर काळजी कसली! पण झालं उलटंच. आत्याची लाल फुली नको म्हणून पोरगी पेपर कोरा देऊ लागली. तोंडी विचारा, सगळं येतं; कागद पुढं आला की हात आखडतो. माझा जीव तुटायचा.

अशात शाळेनं दहावीपासून मशीन लर्निंगचा, म्हणजे संगणकाला उदाहरणांवरून शिकवायचा, वर्ग सुरू करायचं ठरवलं आणि चिऊनं तोच ध्यास घेतला. त्याआधी सुट्टीत गणिताची तयारी: आलेख, रेषेचा चढ, सरासरी, शक्यता. शेवटी परीक्षा. कोऱ्या पेपरावर तिला कोण आत घेणार? आणि तयारी करून घेणार कोण, तर आमची ताई! मी कपाळाला हात लावला.

एक दिवस ताईनं मलाही वर्गात बोलावलं. उंचीवरून बुटाचं माप ओळखायचं होतं, त्यासाठी मोठ्या माणसांचीही मापं हवी होती. बूट काढायला लावून दाराच्या चौकटीशी एकेकाला उभं करून मोजलं आणि फळ्यावर प्रत्येकाचा एक ठिपका काढला. ठिपके सगळीकडे विखुरलेले. ताई भडकली.

"कुणीतरी मोजताना घोळ घातलाय. पुन्हा मोजा!"

पुन्हा मोजलं, तेच आलं. वर्गभर मोज्यांचा वास तेवढा पसरला. शेवटी नाइलाजानं तिनं पुस्तकात लिहिलं होतं ते सांगितलं, की सगळ्या ठिपक्यांतून जाणारी रेषा मिळणार नाही. अंदाजानं एक काढायची, प्रत्येक ठिपका तिच्यापासून किती लांब पडला ते बघायचं, त्या फरकांचे वर्ग करून बेरीज करायची, आणि बेरीज कमी होईल तशी रेषा सरकवायची.

पोरांनी आपापल्या रेषा काढल्या. ताईला अंदाज म्हणजे अळणी जेवण. तिनं दोन खात्रीचे ठिपके निवडले, एक वर्गातल्या हुशार मुलाचा आणि एक स्वतःचा, आणि त्यांतून पट्टीनं रेषा मारली. आता आमच्या ताईची उंची बेताची आणि पाय मात्र माझ्या मापाचे. बेरजा झाल्या. सगळ्यांत वाईट रेषा ताईची निघाली!

मी हसू दाबण्यासाठी खिडकीबाहेर बघू लागलो. ताई लालबुंद झाली, तिनं डस्टर उचललं.

"आत्या, पुसू नकोस ना!"

चिऊ ओरडली होती. वर्गात आत्या म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हा ताईचा कडक नियम. चिऊनं जीभ चावली, पण बोलत राहिली. "ही पुसली तर पुढची किती सुधारली ते कसं कळणार?"

ताईनं डस्टर खाली ठेवलं आणि खडू पुढं केला. "ये, सरकव तू."

चिऊनं रेषा काढली. तीही चुकलेलीच, पण ताईच्या रेषेपेक्षा कमी. मग तिसरी काढली, चौथी काढली. एकही पुसली नाही. पोरीचा हात चालत होता, आणि मला इतका आनंद झाला की आपण मोज्यांवर उभे आहोत हेही विसरलो.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी ताई धापा टाकत दुकानात शिरली. खुर्चीत अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक होतं.

"चुकलीय! अरे, तुझी पोरगी तिसऱ्या प्रश्नात चुकलीय!"

मी वस्तरा बाजूला ठेवला. "म्हणजे वर्ग गेला?"

"गेला कसा? पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत लिहिलंय तिनं! मिळाला वर्ग!" तिनं पेपर माझ्या नाकासमोर धरला. तिसऱ्या प्रश्नावर लाल फुली होतीच, ती काही तिच्या हातून सुटत नाही. पण ताई डोळे पुसत होती.

अर्ध्या दाढीनं हळूच मान वळवली. "बाई, आम्ही चुकलो तेव्हा तुम्हाला इतका आनंद कधी झाला नाही."

"झाला नाही, ते माझं चुकलं," ताई म्हणाली. "आणि तुझा डावा कल्ला खाली आहे."