दक्षिणेकडचे पाय

उमा बापटला मी पहिल्यांदा पाहिलं ते १९९६ साली, सांगलीच्या एका खासगी इस्पितळात. ती मालक डॉक्टरांशी भांडत होती आणि माझे मेव्हणे नाथाजी डोक्याचा तुळतुळीत गोटा करून बाकावर बसले होते. स्कॅनमध्ये डोक्यात गाठ दिसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन.

उमा स्कॅनची यंत्रं सांभाळणाऱ्या पुण्याच्या कंपनीत इंजिनियर. नेहमीच्या तपासणीला आली आणि दारातच थबकली.

"हे यंत्र फिरवलं कुणी?"

"पेशंटचे पाय दक्षिणेला येत होते," डॉक्टर म्हणाले. "लोक आडवेच होईनात. हमाल लावून वळवून घेतलं. त्यात काय एवढं?"

"आम्हाला कळवलंत?"

"तुम्ही उगवेपर्यंत पेशंट मिरजेला पाठवू?"

उमाने पाण्याच्या डब्यात बारीक तार उभी करून स्कॅन घेतला. पडद्यावर ठिपका उमटायला हवा होता, उमटली चंद्रकोर. माणसाभोवती क्ष-किरणांची नळी ज्या मध्याभोवती फिरते तो यंत्र वळवताना सरकला होता, आणि कॉम्प्युटर जुनाच मध्य धरून चित्र जोडत होता.

"आणि या चित्रावर तुम्ही माणसाची कवटी उघडणार?"

"हळू बोला. पेशंट ऐकतायत."

"ऐकू देत!"

नाथाजींनी गोट्यावरून हात फिरवला. "आवं बाई, गाठ हाय का न्हाई तेवढं सांगा. न्हाईतर ह्यो गोटा कशापायी केला?"

"मलाही माहीत नाही, काका. म्हणून तर पुन्हा बघायचंय."

मध्य किती सरकला ते काढून तिने कॉम्प्युटरला नवा मध्य दिला. तार पुन्हा तपासली, पुन्हा दुरुस्ती केली. चंद्रकोरीचा ठिपका झाला तेव्हाच नाथाजींना आत घेतलं. गाठ नव्हती. जुना, चुन्यासारखा कठीण झालेला बारीक ठिपका होता; तोच आधीच्या चित्रात फाकून गाठीसारखा दिसला होता. मिरजेच्या डॉक्टरांनीही ऑपरेशन नको म्हणून सांगितलं.

मालक डॉक्टरांनी नाथाजींची माफी मागितली नाही. उलट कंपनीकडे तक्रार केली, बाई पेशंटसमोर ओरडल्या! यंत्र वळवल्यापासून ज्यांची डोकी त्यातून गेली त्यांना परत बोलवा, असा उमाने हट्ट धरला होता. एकालाही बोलावलं नाही. त्यांतल्या कुणाकुणाची कवटी उघडली असेल? हा विचार आला की आजही माझ्या अंगाची लाही लाही होते. आणि कंपनीने कुणाला धारेवर धरावं? उमाला! माफी लिहून द्या म्हणाले. तिने राजीनामा लिहून दिला.

उमा आता साताऱ्यात राहते आणि शिरवळच्या एका कारखान्यात लोखंडी सुटे भाग स्कॅन करून तपासते.