अस्सल बांगलादेशी चव

रविवारी सकाळी ऐरोलीचा फ्लॅट सोडून रबाळ्याच्या चाळींमध्ये भटकायचं, हे माझं जुनं खूळ. कारखान्यांच्या मागच्या एकाच गल्लीत तमिळ इडलीवाला, बिहारी न्हावी, नेपाळी वॉचमनांची बिऱ्हाडं. मी फोटो काढायचो, फेसबुकवर दोन चटपटीत ओळी टाकायचो आणि स्वतःवरच खूश व्हायचो.

गल्लीच्या टोकाला एक बंगाली बाई दारातच कामगारांना मासे-भात वाढायची. आपण पश्चिम बंगालच्या, नदिया जिल्ह्यातल्या, हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मोहरी वाटून केलेला तिचा रोहू मला फार आवडला. ताटाचा आणि तिच्या दाराचा फोटो टाकून मी वर लिहिलं, ‘रबाळ्यात अस्सल बांगलादेशी चव!’ नदिया लिहिलं असतं तर वाचलं कोणी असतं? तेवढ्यासाठी.

फोटो सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला. फिरता फिरता माझं नाव गेलं, चवही गेली; ‘बांगलादेशी’ तेवढं राहिलं.

पुढच्या रविवारी गेलो तर ती भांडी गोणीत भरत होती. घरमालक, तिथलाच गाववाला, दारात उभा होता. “कागदं सगली हायेत तिची,” तो मला म्हणाला, “पन रोज कोन ना कोन येऊन इचारतंय. आमाला टेन्शन नको.”

लहानपणी आम्ही भाड्याची खोली बघायला जायचो तेव्हा मालक आडनाव विचारायचे, आणि आडनाव कळलं की खोली आधीच दिलेली असायची. आईचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेलो नाही. सगळं माहीत असून मी हे केलं होतं.

बाईने आधार कार्ड, मतदार कार्ड माझ्यापुढे धरलं. मग मोबाइलवर तो फोटो दाखवला. “दादा, आप पढ़े-लिखे हो. जिसने डाला, उसको बोलके निकलवा दो ना.”

मी गल्लीत जाऊन तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो आणि माझी फेसबुकवरची पोस्ट काढून टाकली. ग्रुपवर तो फोटो फिरतच राहणार, हे मला कळत होतं. तरी आत येऊन म्हणालो, “निकाल दिया उसने.”

तिने गोणी खाली ठेवून हात जोडले. “भगवान आपका भला करे, दादा.”

आणि मी मान हलवून तो आशीर्वाद घेतला.